काटा साठावर

ज्या कार्डामुळे मी मोजमास्तरांपर्यंत पोहोचलो, त्यावर कामाचे वर्णन एकाच ओळीत आहे: ‘पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवणे, मागचे दाते व टायर ठरवणे.’ खाली तारीख, गाडी नेणाऱ्याची सही. त्या सहीखाली, पुढच्या काही महिन्यांत, वेगवेगळ्या शाईत त्याच माणसाच्या आणखी तीन सह्या आहेत. दुरुस्तीच्या कार्यशाळांची जुनी कार्डे चाळताना एका कामाला चार सह्या मी इतरत्र कुठेही पाहिल्या नाहीत. मास्तरांना विचारले, तेव्हा त्यांनी कार्ड हातात घेतले, उजव्या डोळ्यासमोर धरले आणि परत दिले.

“ते काम अजून चालू आहे,” ते म्हणाले.

पुढे जे लिहिले आहे ते त्यांच्या सांगण्यावर, त्यांच्या बहिणीच्या व भावोजींच्या सांगण्यावर, आणि ज्यांना खोटे बोलण्याचे कारण नाही अशा दोन वह्यांवर आधारलेले आहे: नदीवरच्या बोटीची नोंदवही आणि रुग्णालयातल्या विभागाचे हजेरीपुस्तक. जिथे माणसांचे सांगणे आणि वह्या जुळल्या नाहीत, तिथे मी वहीचा आकडा धरला आहे.

मास्तरांची कार्यशाळा म्हणजे तीन गाड्या कशाबशा मावतील अशी पत्र्याची शेड. जमिनीवर पांढऱ्या ऑइलपेंटने ओढलेली नऊ मीटरची रेघ आहे आणि तिच्यावर बोटभर अंतरावर खुणा. टायर किती मोठा, हे मास्तर त्याच्या कडेवर छापलेल्या आकड्यावरून कधीच मानीत नाहीत. टायरवर खडूची खूण करायची, गाडीत माणसे बसवायची आणि गाडी रेघेवरून ढकलत न्यायची. खूण पुन्हा जमिनीला टेकली की तो त्याचा खरा घेर. “छापणाऱ्याने टायर हवेत धरून मोजलेला असतो,” असे ते म्हणतात, “आणि गाडी तर जमिनीवरून जाते.” मोजमास्तर हे नाव यातूनच पडले. आधी चेष्टेने, मग सवयीने.

त्यांची दुसरी पद्धत या हकिगतीत अधिक महत्त्वाची आहे. गाडीत जे काही केले असेल ते कार्डावर लिहायचे, चावी देण्यापूर्वी ते कार्ड चालवणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि त्याने ‘कळले’ म्हणून सही केल्याशिवाय चावी सोडायची नाही. गिऱ्हाईक घाईत असले तरी नाही, नात्यातले असले तरी नाही. बारा वर्षांपूर्वी पिनियनच्या छोट्या दातेरी चक्रावर हातोडा मारताना पोलादाची कपची उडून त्यांचा डावा डोळा गेला, तेव्हापासून त्यांना वाहन चालवण्याचा परवाना मिळालेला नाही. “जी गाडी मी स्वतः चालवून बघू शकत नाही, ती दुसऱ्याच्या हातात देताना निदान तोंड तरी उघडावं,” हे त्यांचे त्यावरचे स्पष्टीकरण.

कार्डावरची गाडी त्यांच्या भावोजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांची. बहीण नदीच्या अलीकडे राहते. तिची मूत्रपिंडे निकामी झाली असून मंगळवार, गुरुवार, शनिवार असे तीन दिवस तिला रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर चार चार तास राहावे लागते. यंत्रे नदीपलीकडे, डोंगरावरच्या रुग्णालयात. गाड्या नेणारी पहिली बोट पलीकडे लागते साडेसहाला. त्याआधी नदी ओलांडण्याचा कोणताही मार्ग नाही. तिथून सहासष्ट किलोमीटर सरळ सपाट रस्ता आणि शेवटी अकरा किलोमीटरचा सलग चढ. सकाळी आठला परिचारिका नावे पुकारते. जो हजर नसेल त्याचे यंत्र बाकावर वाट पाहणाऱ्यांपैकी पहिल्याला मिळते, आणि उशिरा आलेल्याला मग दुपारच्या तुकडीआधी जे यंत्र मोकळे होईल त्यावर उरलेला वेळ. कधी अडीच तास, कधी तेवढाही नाही.

जुने पेट्रोल इंजिन चालत होते तोवर भावोजी हजेरीपुस्तकात सरासरी सात त्रेपन्नला पोहोचत. मग इंजिनाचा ठोकळा तडकला. त्या गाडीचे उत्पादन बंद होऊन वीस वर्षे झाली होती. मास्तरांनी भंगाराच्या सगळ्या आवारांत शोध घेतला आणि शेवटी हात टेकले. जागेत बसेल असे मिळाले ते एका छोट्या मालगाडीचे डिझेल इंजिन. बहिणीला त्यांनी सांगितले, “ताई, मी लावतो. तुझे आठ वाजायच्या आत होतील, हे माझ्याकडे लागलं.”

हे वाक्य उच्चारल्याचे तिघांनाही स्पष्ट आठवते.

अडचण अशी होती. पेट्रोल इंजिन हलके आणि चपळ; वेगाने फिरून ते सपाटीही गाठे आणि चढही. डिझेल इंजिन त्याच्या मानाने संथ. गाडीच्या मागच्या आसात दात्यांचा जो जोड असतो, तो ठरवतो की इंजिनाच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरेल. गाडीचा मूळचा जोड होता सदतीस आणि नऊ दात्यांचा, म्हणजे सुमारे चार फेऱ्या. मालगाडीच्या आसातला होता एकेचाळीस आणि आठचा, म्हणजे पाचाहून थोड्या जास्त. चार ठेवाव्यात तर सपाटीवर गाडी सुखाने पळे, पण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गुदमरे आणि दुसऱ्यात किंचाळे. पाच घ्याव्यात तर चढ तिसऱ्यात निघे, पण सपाटीवर इंजिन घसा फाटेपर्यंत ओरडे. गिअरबॉक्समधले दाते बदलण्याची सोय नव्हती, कारण त्याचे सुटे भागही बंद झालेले. हाती उरले ते दोन जोड आणि टायर. टायर मोठा घेतला की एका फेरीत गाडी थोडी जास्त पुढे जाते आणि तेवढाच तिचा जोर घटतो. पण चाकाच्या कमानीत दोनच बोटांची फट होती, त्यामुळे तेही फार ताणता येत नव्हते.

चाचणीसाठी मास्तरांना दोघांचे वजन हवे होते. त्यांनी बहिणीला फोन केला.

“अरे, कोणतं वजन सांगू? यंत्रावर जायच्या आधीचं की नंतरचं?”

“दोन असतात?”

“आमच्यात दोन असतात. नंतरचं एकावन्न. जाताना म्हणशील तर पंचावन्नही भरेन. अंगात पाणी साठतं ना.”

“मग जातानाचं सांग. येताना काय, उतारच आहे.”

“एवढं बारीक मला डॉक्टरांनीसुद्धा विचारलं नव्हतं रे,” ती म्हणाली, “आणि यांचं लिही अठ्ठ्याऐंशी. ते ब्याऐंशी सांगतील, ऐकू नकोस.”

ओळखीच्या एका चालकाला बसवून, एकूण वजन तेवढे होईल इतकी वाळू पोत्यांत भरून, मास्तरांनी तीन रविवार तो चढ घासला. कार्डाच्या मागे तिन्ही चाचण्या लिहिलेल्या आहेत. पहिली, मूळ जोड: सातव्या किलोमीटरला पाणी उकळले. दुसरी, मालगाडीचा जोड, जुने टायर: चढ निघाला, सपाटीवर ‘बोलणे ऐकू येत नाही’. तिसरी, मालगाडीचा जोड आणि शंभराला चार इतके मोठे टायर: चढ सोळा मिनिटांत तिसऱ्या गिअरमध्ये, सपाटीवर खरा साठचा वेग धरून आवाज सहन होण्याजोगा. धक्क्यापासून रुग्णालयातल्या हजेरीच्या खिडकीपर्यंत, गाडी लावून जिना चढायची तीन मिनिटे धरून, पंच्याऐंशी मिनिटे. म्हणजे सात पंचावन्न. मी हे गणित दोनदा पडताळले आहे. त्यात चूक नाही.

एक गोष्ट मात्र उरली. वेग दाखवणारा काटा गिअरबॉक्सवर चालतो, आणि गिअरबॉक्सला मागचे दाते बदलल्याची खबर नसते. काटा आता साठ दाखवी तेव्हा गाडी प्रत्यक्षात पन्नासने जात असे. तो दुरुस्त करणारे चक्र बाजारात नव्हते; लेथवर करून घेतलेले नऊ दिवसांत झिजले. मास्तरांनी मग कार्डावर ठळक अक्षरांत लिहिले आणि चावी देताना वाचून दाखवले: “काटा जास्त दाखवतो. खरा साठचा वेग हवा असेल तर काटा बहात्तरावर ठेवावा.”

“कळलं ना, भावोजी?”

“बहात्तर. त्यात काय न कळण्यासारखं आहे?” म्हणत भावोजींनी सही केली. ही पहिली सही.

हजेरीपुस्तकात त्या आठवड्यापासूनच्या नोंदी अशा: आठ सात, आठ नऊ, आठ आठ, आठ आठ, आठ सात. पाच आठवड्यांत पंधरा फेऱ्या, आणि एकदाही आठच्या आत नाही. पंधरापैकी तेरा वेळा बहिणीचे यंत्र दुसऱ्याला गेले.

मास्तरांनी दोष गाडीत शोधला. डिझेलचे नोझल उघडले, गाळणी बदलली, ब्रेक चाकाला घासतात का पाहिले, टायरातली हवा रोज सकाळी बहिणीला मोजायला लावली. रुग्णालयात जाऊन तिथल्या पर्यवेक्षकालाही भेटले.

“आठचे सव्वाआठ करता येतील का, साहेब?”

“मग सव्वाआठवाल्यांसाठी साडेआठ. ते बाकावर बसलेत त्यांना काय सांगू? तेही हेच पाणी अंगात घेऊन बसलेत.”

दुपारच्या तुकडीत घालण्याची विनंतीही केली. ती तुकडी सुटेपर्यंत परतीची शेवटची बोट गेलेली असते. भाड्याच्या गाड्या नदीअलीकडे दोनच, आणि आठवड्यातून तीन दिवस, दिवसभर थांबून राहायला दोन्ही तयार नव्हत्या.

सहाव्या आठवड्याच्या शनिवारी शेडला कुलूप लावून मास्तर मागच्या सीटवर बसले. आपल्या वजनाने चढावर किती वेळ जाईल तेही त्यांनी आधी काढले होते: सव्वा मिनिट.

धक्का सोडून वीसेक मिनिटे झाली असतील. दुधाचे कॅन नेणारा टेंपो हॉर्न देत पुढे गेला. त्यामागून एक खडी भरलेला ट्रक गेला.

“भावोजी, काटा कुठंय?”

“साठावर,” भावोजी म्हणाले. आणि मास्तरांच्या मते त्या उत्तरात समाधान होते. साठचा आकडा मीटरच्या माथ्यावर, त्यामुळे काटा अगदी सरळ उभा होता.

“मी बहात्तर म्हटलं होतं.”

“म्हटलं होतंत ना.”

“मग?”

“जातो की. आत्ता जातो, बघा.”

काटा चौसष्टवर गेला, थरथरला आणि हळूहळू पुन्हा उभा राहिला. मास्तर वाकून एका डोळ्याने भावोजींचा बूट पाहत होते. बुटाचे टोक आपसूक वर आले होते.

“पाय उचललात तुम्ही.”

“मी? छे. मी कुठं उचलला?”

“उचललात,” बहीण पुढे पाहतच म्हणाली, “रोज उचलता.”

“ताई, तुला माहीत होतं? आणि तू मूग गिळून बसलीस? मी महिनाभर इंजिनाची हाडं मोजतोय!”

“काय बोलू? एकतीस वर्षं शाळेची बस हाकली त्यांनी. साठच्या वर नाही म्हणजे नाही. एका लेकराला खरचटलं नाही. आता म्हणू, की माझ्यासाठी डोळ्यांना दिसतं ते खरं मानू नका?”

भावोजींनी एकदा आपल्या बुटाकडे पाहिले. मग म्हणाले, “डोक्याला कळतं हो, मास्तर. पायाला कळत नाही.”

त्या दिवशीची नोंद आठ नऊ.

उपाय मास्तरांना त्याच संध्याकाळी सुचला, आणि तो चांगला होता. मीटर उघडायचा, काटा ओढून काढायचा आणि थोडा मागे फिरवून बसवायचा, असा की खरा साठचा वेग झाला म्हणजे तो सरळ उभा राहील. इतर वेगांना तो चुकला असता, पण भावोजी दुसऱ्या कोणत्या वेगाने चालवत नव्हतेच. काम तासाभराचे होते. ते झाल्यावर मास्तरांनी कार्डावर तसे लिहिले, आणि चावी देण्यापूर्वी वाचून दाखवले.

“म्हणजे काटा हलवलात तुम्ही?” भावोजींनी विचारले.

“हलवला. आता सरळ उभा म्हणजे खरे साठ.”

“आणि खाली, चाळीसला?”

“तिथं तो चुकेल. पण तुम्हाला त्याचं काय करायचंय?”

“बरं,” भावोजी म्हणाले आणि त्यांनी दुसरी सही केली. ही सही पहिलीपेक्षा लहान आहे.

पुढच्या दोन आठवड्यांची सरासरी आठ सतरा. उशीर दुपटीने वाढला. भावोजींनी मला त्याचे कारण सांगितले ते असे: “पूर्वी काटा किती खोटा ते मला माहीत होतं. आता तो खरा आहे असं मला दुसऱ्यानं सांगितलं होतं. उभा काटा बघितला की वाटायचं, हे साठ नसेल, ऐंशी असेल. मग मी काट्याकडे बघायचंच सोडलं. झाडांकडे बघून चालवायचो.” झाडांकडे पाहून ते पंचेचाळीसने जात.

“तू सांगितलंसच कशाला?” बहीण भावावर कडाडली. तिच्या आयुष्यात ती त्याच्यावर एवढी चिडल्याचे दोघांनाही आठवत नाही. “गुपचूप बसवला असतास तर कळलं असतं का त्यांना? मी सात पंचावन्नला खुर्चीत असते!”

“न सांगता चावी कशी देऊ? पुढच्या माणसाच्या हातात स्टिअरिंग आहे, ताई. तू बसलेली असतेस गाडीत.”

“मी बसलेली असते म्हणूनच सांगतेय!”

 मी मास्तरांना विचारले, की आता पुन्हा ती वेळ आली तर तुम्ही न सांगता चावी द्याल का. त्यांनी ‘द्यायला हवी होती’ असे म्हटले. ‘देईन’ असे म्हटले नाही.

सांगितलेले परत घेता येत नाही. उरला तो एकच मार्ग, काटा खरा करण्याचा: मागचा मूळ जोड आणि जुने टायर परत घालायचे, काटा जागेवर आणायचा, आणि चढावर जे होईल ते सोसायचे. तिसरी सही त्याची. कार्डाप्रमाणे काटा आता जन्मल्यासारखा खरा होता. पण भावोजींचा विश्वास एकदा उडाला तो उडालाच. खऱ्या काट्यालाही ते पन्नास-बावन्नच्या पुढे जाऊ देईनात. शिवाय चढ दुसऱ्या गिअरमध्ये, आणि सातव्या किलोमीटरला बॉनेट उघडून दहा मिनिटे इंजिन निववणे. तीन आठवडे, सरासरी आठ एकवीस.

त्या थांब्यावर बहीण गाडीतच बसून राही. पायांची सूज इतकी वाढली होती, की ती भावाच्या जुन्या सपाता घालून येई. वाफ निघणाऱ्या बॉनेटसमोर नवरा उभा, आणि घड्याळात आठ वाजून गेलेले. चौथ्या आठवड्यात तिने मास्तरांना फोन केला. “ते चढाचे दाते परत घाल,” ती म्हणाली, “उशीर व्हायचाच तर चालत्या गाडीत होऊ दे. मधे थांबलं की मला सगळं दिसतं.” चौथी सही त्या आठवड्यातली आहे. काटाही मूळ जागी, पहिल्यासारखाच खोटा. भावोजींना त्यातल्या त्यात तोच बरा वाटतो, कारण त्याचे खोटेपण ठरलेले आहे.

मास्तरांना वाटते की बहिणीची प्रकृती त्यांच्या दात्यांमुळे खालावली. मी तिथल्या डॉक्टरांना विचारले. कमी तासांचा परिणाम होतोच, पण या रुग्णाची सूज, तिचा वाढलेला रक्तदाब आणि हृदयावरचा ताण एकाच कारणावर टाकता येणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि ते तसेच लिहा असेही बजावले. मी मास्तरांना ते वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले, आणि आपल्या खिशातल्या वहीत त्या दिवशीचा टायरचा दाब लिहिला.

आता दर शनिवारी ते मागच्या सीटवर बसून जातात. गाडी हाकता येत नाही, काट्याबद्दल बोलून उपयोग नाही, आणि सव्वा मिनिट तर त्यांच्या वजनाने जातेच, तरी जातात. मलाही बरोबर जायचे होते, पण त्यांनी आधी माझे वजन विचारले. मी आदल्या दिवशीच बोटीने नदी ओलांडून, बसने पुढे जाऊन रुग्णालयात थांबलो.

आठला परिचारिकेने नावे पुकारली. बहिणीचे नाव दोनदा घेतले. बाकावरून चष्मा लावलेले एक उंच गृहस्थ उठले, दरवाजाकडे पाहत क्षणभर थांबले.

“येतीलच त्या. थांबू का पाच मिनिटं?” त्यांनी विचारले.

“तुम्ही थांबलात तर तुमचीच पाच मिनिटं जातील, काका. या.”

ते आत गेले. खिडकीवरच्या घड्याळात आठ सात झाले तेव्हा तिघे जिन्यावरून आले. बहीण एक एक पायरी टेकत, मास्तर तिचा दंड धरून, भावोजी मागे, पिशवी घेऊन. काचेतून आतली खुर्ची दिसत होती आणि तिच्यावर ते चष्म्याचे गृहस्थ होते. त्यांच्या हातात सुई गेलेली होती. त्यांनी तिला पाहून मान खाली घातली. तीही बाकावर टेकली.

“आज बासष्टवर नेली मी,” भावोजी म्हणाले, “फाट्यापासून ओढ्यावरच्या पुलापर्यंत. विचारा यांना.”

“पाहिलं मी,” मास्तर म्हणाले.

“चांगली नेली,” बहीण म्हणाली आणि सपातांतून पाय बाहेर काढले.

परिचारिकेने हजेरीपुस्तकात आठ सात लिहिले. मास्तरांनी खिशातली वही काढली, उजव्या डोळ्याजवळ धरली आणि तोच आकडा लिहिला. मागच्या शनिवारी आठ आठ होता.